न दिलेली मूठभर माती

दार लोटून घे, आरती, आणि सगळे जवळ सरका. निलंग्याच्या बाजाराला माझ्याबरोबर यायचा तो बसलिंगप्पा तुम्हाला आठवत असेल. हे त्यानं मला स्वतः सांगितलं, म्हणून सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची येळवशीची रात्र. वेळा अमावस्या. दिवसभर शेताशेतांत भज्जी-आंबिलीच्या पंगती उठल्या आणि माणसं घरी परतली. त्या आठवड्यात मोटारीची लाइट रात्री दहाला यायची. बसलिंगप्पा बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला एकटाच निघाला. मोटार चालू केली, पहिल्या सरीत पाणी सोडलं आणि बांधावर बसून तंबाखू मळली.

समोर धाकट्या भावाचं, शिवप्पाचं शेत. श्रावणात त्याला तिथंच पुरलं होतं. आम्हा लिंगायतांत बसवून पुरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मातीला आलेला प्रत्येकजण एक मूठ माती देतो, आणि मनात काही वैर असेल तर तेही त्या मुठीबरोबर सोडतो. बसलिंगप्पानं ती मूठ दिली नव्हती. सख्खा भाऊ खड्ड्यात बसलेला, आणि हा हात मागं बांधून उभा. म्हातारा चंद्रप्पा सगळ्यांदेखत म्हणाला होता, "कुत्रं बी मागच्या पायानं माती सारतंय, बसलिंगप्पा." हा वळून निघून गेला.

कारण गावाला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी बसलिंगप्पाचा सात वर्षांचा पोरगा सत्यम शिवप्पाच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून पडून चाकाखाली गेला होता. मला न विचारता पोराला नेलं, असं बसलिंगप्पानं पंचांसमोर सांगितलं. त्यानंतर भावाच्या घरचं पाणी त्यानं तोंडाला लावलं नाही. गावानंही शिवप्पाला लग्नाकार्याला बोलावणं बंद केलं. शिवप्पानं एका शब्दानं उत्तर दिलं नाही. झिजून झिजून मेला.

तर, तंबाखू तोंडात टाकून यानं वर पाहिलं. समोर कुणीतरी बसलं होतं. मांडी घालून. कपाळाला विभूती, अंगावर ओली माती.

बॅटरी लावली. कुणी नाही.

विझवली... तो होता.

"अण्णा, माती दे."

पळावं, तर पाय चिखलात रुतलेले. शेवटी बसलिंगप्पानं वाकून मूठ भरली आणि पुढं टाकली.

"जा शिवप्पा. माफ केलं तुला."

 मोटारीचा आवाज एकदम बंद पडला...

मग तो हसला. हळू.

"तू... मला?"

 इतकी वर्षं दाबलेलं सगळं बसलिंगप्पाच्या तोंडातून आलं. पोराला मडगार्डवर बसलिंगप्पानंच बसवलं होतं. अप्पा, भ्या वाटतंय, म्हणून सत्यम उतरत होता. यानं त्याला एक थोबाडीत दिली आणि पुन्हा उचलून ठेवलं.

"मला ठाव हाय," शिवप्पा म्हणाला. "मी त्याच दिशी सोडून दिलं. पोर गेलेल्या बापाला काय बोलायचं? पर मी एकटा न्हाई हितं, अण्णा... त्याला इचार."

बसलिंगप्पानं हाक मारली. सत्या.

पुन्हा मारली.

शिवप्पाच्या पाठीमागं कुणीतरी मुसमुसलं. लहान पोरासारखं. बापाला दिसू नये म्हणून काकाच्या आड लपलेलं.

मग तेही थांबलं.

उजाडताच बसलिंगप्पा भावजयीच्या, मल्लम्माच्या दारात गेला आणि चार माणसांसमोर सगळं सांगितलं. ती आत गेली. लोकांना वाटलं, काठी घेऊन येते. ती तांब्या घेऊन आली.

"पाणी घ्या, भावजी. त्यांनी सोडलं, मी कशाला धरून बसू?"

तो प्यायला. पण त्या दिवसापासून रोज रात्री शेतात जाऊन पोराला हाका मारायचा. उत्तर कधीच आलं नाही. मी समजावलं, तर म्हणाला, "समद्यांनी सोडलं रे. मलाच सोडवंना." अन्न तुटलं. पौष सरायच्या आत गेला.

त्याला खड्ड्यात मीच बसवलं. मांडीवर विभूतीचा थर घातला, हातानं सारखा केला आणि वर आलो. पहिली मूठ मल्लम्माची होती. तिनं हात पुढं केला... आणि तो तसाच राहिला.

आम्ही वाकून पाहिलं.

मांडीवरच्या विभूतीत एक पाऊल उमटलं होतं. लहान पोराचं, अनवाणी, माझ्या पंजाएवढं. बोटं बापाच्या छातीकडं.