थीरा कुठं आहे?

"आई, तिकडे बाबा स्वतःचं नाव विसरायला लागलेत, आणि तुला या वयात सुंदर दिसायची हौस सुचली!... लाज कशी वाटली नाही गं तुला?"

सिसेलचे शब्द स्वयंपाकघरात कडाडले आणि थीराच्या हातातला कॉफीचा कप तसाच अधांतरी राहिला. चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियेनंतर तिच्या तोंडाची डावी बाजू ओघळली होती. घोट घेतला की कॉफी हनुवटीवर यायची, म्हणून लेकीसमोर प्यायचंही तिला धाडस होईना. गाल कानांकडे असे ताणून शिवलेले की हसू उमटायला जागाच उरली नव्हती... आणि डावा डोळा झोपेतही अर्धा उघडा! "मज्जातंतू दुखावलाय, आता यापेक्षा फरक पडेलसं वाटत नाही," असं डॉक्टरांनी कालच सांगून टाकलं होतं.

"चुकलं माझं," एवढंच ती पुटपुटली. खरं कारण ओठांपर्यंत आलं होतं, पण तिनं ते गिळलं. कोपनहेगनहून कधीमधी येणाऱ्या या पोरीच्या मनात तिचा बाप अजून आपल्या माणसांना ओळखणारा होता... तो तसाच राहू दे!

आल्बोर्गच्या बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेला तिचा नवरा एस्किल आता शुश्रूषागृहातल्या खिडकीशी बसून असायचा, मांडीवर बोटीच्या कठड्याला रेलून हसणाऱ्या तरुण थीराचा फोटो घेऊन. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या थीराला तो विचारायचा, "सासूबाई, थीरा कुठं आहे? अजून कशी आली नाही?" आणि मग लहान मुलासारखा रडायचा. ते रडणं तिचं काळीज चिरत जाई. या सुरकुत्या गेल्या, ती मुलगी अर्धीमुर्धी जरी दिसली, तरी त्याची ही जीवघेणी प्रतीक्षा संपेल... या एकाच वेड्या आशेनं तिनं आपला चेहरा सुरीखाली दिला होता!

आणि काय पदरात पडलं? पट्ट्या निघाल्यावर ती त्याच्यासमोर उभी राहिली, तर तो किंचाळला, "ही बाई कोण? घालवा हिला!" निदान सासूबाई म्हणून तो हात तरी हातात घ्यायचा, तेही गेलं.

त्या दुपारी मायलेकी त्याला भेटायला गेल्या. थीराला पाहताच एस्किल खुर्चीत अंग चोरून बसला. मग त्याची नजर मागून येणाऱ्या सिसेलकडे गेली, आणि तो विझलेला चेहरा एकाएकी उजळला!

"थीरा! किती उशीर केलास गं... तुझी आई रोज यायची, तू मात्र नाही!"

"बाबा, मी..." सिसेल थबकली. तिनं त्याच्या मांडीवरचा फोटो पाहिला. त्यातला चेहरा हुबेहूब तिचाच होता. मग तिनं आईचे ते ताणलेले, निर्जीव गाल पाहिले... आणि तिला सगळं उमगलं.

बाहेर व्हरांड्यात तिनं आईला घट्ट मिठी मारली. "आई... हे तू बाबांसाठी... आणि मी तुला काय काय बोलले गं! मला क्षमा कर!"

"रडू नकोस, बाळ. आत जा. तू थीरा नाहीस असं त्याला सांगू नकोस. जमेल तितक्या वेळा येत जा... त्याची थीरा हो."

"आणि तू?"

"मी इथं बसते."

सिसेल डोळे पुसून आत गेली. अर्धवट उघड्या दारातून एस्किलचं हसणं ऐकू आलं. कित्येक महिन्यांनी तो हसत होता. थीरा कान देऊन ऐकत राहिली.

"थीरा, ती बाहेरची बाई कोण गं?"

मग सिसेलचा कापरा आवाज आला, "माझी आई आहे ती."

"छे! तुझी आई अशी कुठं दिसते? सांग तिला, इथं येऊ नकोस म्हणावं. मला भीती वाटते तिची."

सिसेलचा हुंदका ऐकताच थीरा उठली. आपण त्याच्या नजरेस पडणार नाही अशा बेतानं ती भिंतीच्या कडेनं पुढे झाली, आणि आवाज न करता तिनं ते दार बाहेरून ओढून घेतलं.