गिटारोनवालीचं माप

एफ्राइनने पहिल्यांदा माझ्या खांद्याला हात लावला, तेव्हा त्याचं तोंड टाचण्यांनी भरलेलं होतं. म्हणून त्याला बोलता येत नव्हतं. आणि मला हसू आवरत नव्हतं, म्हणून मलाही.

मी आले होते रोहेलियोचा, म्हणजे माझ्या भावाचा कोट दुरुस्तीला टाकायला. आमचं घर मारियाची, म्हणजे मेक्सिकन लोकसंगीत, वाजवणाऱ्यांचं. आजोबांनी मेक्सिकोतून नदी ओलांडून टेक्सासात आल्यावर सुरू केलेला ताफा आता माझे वडील, अपा, चालवतात. त्या सगळ्यांचे चांदीच्या बटणांचे काळे सूट ओब्दुलियामावशींच्या दुकानात शिवले जातात. त्या दिवशी मावशी वर जेवत होत्या आणि खाली होता त्यांचा नवीनच आलेला भाचा, एफ्राइन. मी कोट पुढे केला, तर या पठ्ठ्याने तो सरळ माझ्याच अंगावर चढवला आणि टाचण्या मारायला लागला!

"अरे, थांब... थांब ना!"

त्याने घाईघाईने टाचण्या उशीत खोचल्या. "गिटारोन वाजवतेस ना? मग डाव्या खांद्याला जरा सैल ठेवतो. पट्टा तिथे काचतो."

"कोट माझ्या भावाचा आहे."

"अं?" तो कानापर्यंत लाल झाला. "पण मग तुझी बोटं..."

मी हात पाठीमागे लपवले. गिटारोनच्या जाड तारांनी पडलेले घट्टे होते ते. गिटारोन म्हणजे पोटाशी धरायचं ते थोरलं, ढेरपोटं वाद्य. सगळा ताफा त्याच्या ठेक्यावर उभा असतो. रोहेलियो तालमीच्या नावाखाली मागच्या शेडमध्ये ट्रकखाली सरपटत असायचा आणि त्याच्याऐवजी वाजवत असायचे मी. अपांना वाटायचं, पोरगा सुधारतोय.

"कुणाला सांगू नकोस हं," मी म्हटलं.

"काय सांगणार? मी तुला ओळखतही नाही."

"यादिरा."

"झालं," तो हळूच म्हणाला, "आता ओळखतो. आता पंचाईत आहे."

घरी येईपर्यंत मी एकटीच हसत होते. संत्र्याच्या बागांवरून वारा येत होता आणि माझ्या खांद्यावर त्याच्या बोटांच्या खडूचा ठसा तसाच होता.

त्यानंतर आमच्या घरातल्या कपड्यांची बटणं फार तुटायला लागली. अमा, माझी आई, कात्रीकडे बघायची आणि मग माझ्याकडे.

दुकानात इस्त्रीची वाफ दाटलेली असायची. एफ्राइन मान खाली घालून झालरीवर जरीकाम करायचा. रस्त्यावरची टवाळ पोरं ओरडायची, "काय शिंपीणबाई, लग्नाचा झगा कधी शिवताय?" तो सुईत दोरा ओवता ओवता उत्तर द्यायचा, "तुझं माप मोठं आहे रे, कापड पुरत नाही!" मला हे फार आवडायचं. त्याला राग यायचा नाही असं नाही, पण रागाने त्याचा टाका कधी वाकडा गेला नाही.

"तू माझ्या खिडकीखाली सेरेनाता कधी आणतोस?" मी एकदा छेडलं. सेरेनाता म्हणजे आवडत्या पोरीच्या खिडकीखाली वाजंत्री घेऊन गायचं गाणं.

"मला गाता येत नाही."

"मग वाजंत्री आण की भाड्याने."

"गावात ताफा एकच. तुझ्या वडिलांचा." त्याने चेहरा केविलवाणा केला. "त्यांना काय सांगू? मास्तर, चला जरा, तुमच्याच घराखाली उभं राहू?"

मावशी शिवणयंत्रामागून खो खो हसल्या. "आमच्या वेळी, बाबा, रांगा लागायच्या. खिडकीत दिवा लागला की होकार. नाही लागला, तर वाजंत्र्यांना कॉफी पाजायची आणि पोराला घरी पोचवायचं."

"आणि पोरीने सेरेनाता आणली तर?" मी विचारलं.

मावशींनी यंत्र थांबवलं. "तसं कधी कुणी केलं नाही बाई."

एफ्राइन माझ्याकडे बघत राहिला... आणि सुई बोटात टोचून घेतली.

पण माझं खरं दुखणं वेगळंच होतं. इथे शाळेत मी मेक्सिकन, नदीपलीकडे आजीकडे गेले की ग्रिंगा, म्हणजे अमेरिकन पोरगी. माझं घर कुठलं, याचं उत्तर मला फक्त शेडमध्ये, ते जड लाकूड पोटाशी धरल्यावर मिळायचं. तिथे कुणी परकं म्हणत नव्हतं. मला ताफ्यात ती जागा हवी होती. शेवटी एकदा जेवताना मी धीर करून बोललेच.

"मुलींनी गावं, फार तर व्हायोलिन वाजवावं," अपा मक्याची तोर्तिया मोडत म्हणाले. "एवढं ओझं पोटाशी धरून दिवसभर उभं राहणं पुरुषाचं काम आहे."

"नऊ-नऊ महिने पोटाशी धरून मी दोघांना वाढवलं," अमा म्हणाली, "तेव्हा कुठे होते पुरुष?"

रोहेलियोला ठसका लागला. अपांनी वाटीत डोकं घातलं, पण नकार नकारच राहिला.

मग आला मे महिन्यातला आईचा दिवस. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक आईच्या दारात मारियाची लागतात. पहाटेपासून ताफ्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. आदल्या संध्याकाळी रोहेलियो अंगठ्याला हे एवढं बँडेज बांधून आला. म्हणे इंजिनात चेमटला. (खरंच चेमटला होता का, हे मी त्याला आजपर्यंत विचारलेलं नाही.) दुरुस्तीहून एवढ्या दिवसांनी परत आलेला तो कोट त्याने घालून पाहिला, तर बटणं छातीपाशीच अडली.

"कोट बिघडवला त्या शिंप्याच्या पोराने!" अपा कडाडले. "उद्या बघतो त्याच्याकडे!"

अमाने कोट माझ्या अंगावर चढवला. बटणं आपसूक लागली. डावा खांदा अगदी हवा तेवढा सैल होता.

 एफ्राइनने त्या पहिल्या दिवसाच्या टाचण्या काढल्याच नव्हत्या... तसाच शिवला होता!

बदली माणूस कुठेच मिळेना. "उद्यापुरतं तू वाजव," अपा म्हणाले आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

उजाडायच्या आत आम्ही पहिल्या दारात उभे होतो. अपांची ट्रम्पेट, चार व्हायोलिनं आणि मागे मी. पहिल्या दोन घरी म्हाताऱ्यांनी मला निरखून बघितलं, तिसऱ्या घरी एक आजी टाळ्या वाजवून म्हणाली, "आता कशी शोभा आली!" दुपारी उन्हाने सगळे गळून गेले. अपांची ट्रम्पेट पुढे धावायला लागली, तसा मी ठेका सोडला नाही, मागे धरून ठेवला. त्यांनी एकदा वळून पाहिलं. मग ते माझ्या ठेक्यावर परत आले. पुढच्या दाराशी मला पाण्याची बाटली त्यांनी स्वतः उघडून दिली.

शेवटची सुपारी होती ओब्दुलियामावशींची, भाच्याने दिलेली. मावशी दारात खुर्ची टाकून नटून बसल्या होत्या. अपांना येताना बघून भाचा मात्र वर पळाला होता.

मावशींचं गाणं संपलं. त्यांनी डोळे पुसले. सगळे वाद्यं उतरवायला लागले.

मी नाही उतरवलं.

 मी दोन पावलं पुढे झाले, त्या वरच्या खिडकीकडे तोंड केलं आणि एकटीनेच ठेका धरला. नाजूक, जुन्या प्रेमगीताचा.

"पोरी, हे काय?" अपा म्हणाले.

"सेरेनाता, अपा. माझी."

 टवाळ पोरं जवळ सरकली. मी गायला लागले. आवाज पहिल्या ओळीत फाटला, दुसऱ्या ओळीत सापडला. गिटारोन आणि मी... बाकी कुणीच नाही. आणि मग माझ्या मागून ट्रम्पेट आली. अपांची. माझ्या ठेक्यावर, पाऊलभर मागे. त्यांच्यामागून व्हायोलिनं आली.

गाणं संपलं. खिडकी बंदच.

ऊन लख्ख पडलं होतं. असल्या उजेडात कुणी दिवा लावत नाही...

आणि खिडकीत दिवा लागला. एवढासा, पिवळा, भर उन्हात जेमतेम दिसणारा. मग विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला, पुन्हा लागला. कुणाला दिसला नसेल तर, म्हणून असावं!

मावशींनी शिट्टी वाजवली. गल्लीत हसू फुटलं. मी रडत होते, की हसत होते, देव जाणे.

"खाली ये!" अपा गरजले. एफ्राइन गळ्यात मोजपट्टी घालून खाली आला, चेहरा पांढराफटक. "कोट तू बिघडवलास?"

"हो, मास्तर."

"हं." अपांनी ट्रम्पेट पुसली, खूप वेळ पुसली. "गिटारोनवाल्याचा नवीन सूट शिवायचाय. लग्नांचा हंगाम येतोय, एका कोटात नाही भागायचं."

एफ्राइनने गळ्यातली मोजपट्टी काढली. "घागरा शिवू... की विजार?"

"मला काय विचारतोस? घालणार ती. तिला विचार."

आणि ते वळून मावशींची कॉफी प्यायला गेले. त्यांनी मुद्दाम पाठ फिरवली होती, हे मला कळलं.

"दोन्ही," मी म्हटलं.

एफ्राइनने माझ्या खांद्यावर मोजपट्टी धरली. माप त्याच्याकडे होतंच, तरी धरली.  या वेळी तोंडात एकही टाचणी नव्हती, त्यामुळे सबबही नव्हती.

"तो कोट... चुकून नव्हता शिवला," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

"आणि... तू मला फार आवडतेस, यादिरा."

"तेही ठाऊक आहे," मी म्हटलं. "पण जरा मोठ्याने म्हण. मी आख्ख्या गल्लीसमोर गायलेय!"

मग त्याने मान वर केली आणि म्हटलं. आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.