इरावती चषकातलं धान

“हाणा त्याले!” कोणीतरी ओरडलं.

चंद्रपूरजवळच्या खाणमजूर क्लबातून इरावती चषक गायब झाला होता. भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या मजूर क्लबांची ही फुटबॉल स्पर्धा वीस वर्षांमागे कायमची बंद पडली. शेवटची जिंकली ती याच क्लबानं. तेव्हाचा गोलकीपर लटारू आता म्हातारा चौकीदार, आणि सगळे त्याच्याच अंगावर धावून चालले होते.

“सरका मागं!” गुप्तहेर वच्छलाबाई कडाडल्या. त्यांचा मदतनीस वारलू डोक्यानं जरा मंद, पण अंगानं धिप्पाड. तो लटारूच्या पुढं उभा राहिला.

“चषकाच्या कपाटाच्या किल्ल्या दोनच,” क्लबाचे अध्यक्ष श्रीहरीभाऊ गरजले. “एक माझ्यापाशी, एक याच्यापाशी. मी काल इकडं फिरकलोच नाई. पोलिसायले द्या चोराले!”

“मी काऊन चोरू बाई?” लटारूनं वच्छलाबाईंना विचारलं.

स्वयंपाकीण गिरजाबाई म्हणाली, “काल सांजेले मीच चषक नव्या धानानं शिगोशीग भरला. आज जिंकल्याचा दिवस. दरसाल त्याच धानाचा भात होते.”

बाहेर श्रीहरीभाऊंच्या जीपखाली कोंबड्या जमल्या होत्या. वारलूनं हुसकावल्या, तरी मेल्या पुन्हा तिथंच!

“जीप लई चकचकीत हाय, भाऊ,” वच्छलाबाई म्हणाल्या. “धानगिन नेता काय तिच्यात?”

“काल दुपारीच धुतली. अन् शेती तर कवाच विकली मी.”

वच्छलाबाईंनी सगळ्यांना कपाटापाशी बोलावलं.

“इथी एक तरी दाणा सांडला काय? बाहेरच्या चोरानं धान ओतून रिकामा चषक नेला असता. पण शेतकऱ्याच्या पोराले नवं धान भुईवर ओतवत नाई. त्यानं भरलाच उचलला. लटारूभाऊजवळ ना गाडी, ना सायकल. मंग काल धुतलेल्या जीपमधून धान कसं गळून राह्यलं? कोंबड्या काय उगाच जमल्या?”

वारलूनं धावत जाऊन जीपची सीट उचलली. खाली पटक्यात बांधलेला चषक होता, धानासकट.

“नदीत टाकाले गेलो होतो,” श्रीहरी दात खात म्हणाला. “पण धान पाहून हात उठला नाई. फायनलले मले बाहेर बसवलं अन् याले गोलात उतरवलं! म्हणे, पुढल्या साली तू खेळ. पुढलं साल आलंच नाई. स्पर्धाच बंद केली हरामखोरायनं! अन् हा वीस वर्षं मिरवून राह्यला!”

गर्दी आता श्रीहरीवर धावली. वारलूनं आनंदानं चषक लटारूपुढं धरला.

लटारूनं हातसुद्धा लावला नाही. त्यानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं, कमरेची किल्ली काढून टेबलावर टाकली आणि चपला घातल्या.

“गिरजाबाई, यायच्यासाठी भात शिजवा,” तो दारातून म्हणाला. “मी यायच्या पंगतीत बसत नाई.”