रिकाम्या स्टुलाभोवतीचे भुंगे

"सोमवारपासून येऊ नको म्हणाला? असा कसा म्हणाला?" टिकली ताडकन उठली. "मी जाते आणि विचारते!"

"बस खाली! हळू बोल, डोकं ठणकतंय माझं," मावशी म्हणाली. तिचा उजवा हात कोपरापर्यंत सुजून टम्म झाला होता.

मावशी टोमॅटोच्या ग्रीनहाऊसमध्ये कामाला होती. फुलांना फळ धरावं म्हणून तिथे खोक्यांमधून भुंगे आणून ठेवले होते. गुबगुबीत, केसाळ, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे. एरवी बिचारे कुणाच्या वाटेला जात नाहीत. पण या आठवड्यात मावशीला तीन डंख! पहिल्या डंखाला नुसती आग आणि खाज. दुसऱ्याला मनगट सुजलं. आज मात्र अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि बजावलं, "तुमच्या अंगाला हे विष आता सोसत नाही. पुन्हा चावला तर जिवावर बेतेल."

"मॅनेजर म्हणतो, मी वासाचा साबण लावते म्हणून भुंगे चिडतात. वर म्हणतो, चावऱ्या बाईमुळे बाकीच्यांनाही त्रास."

"चावरी तू की भुंगे?" बोका म्हणाला. टिकलीचा हा धाकटा भाऊ. सुट्टीत दोघं मावशीकडे आली होती.

"आई, आपल्याकडे वासाचा साबण आहे कुठे? मी तर कपड्यांच्या वडीनेच अंघोळ करतोय!" मावशीचा मुलगा म्हणाला. सगळ्याची वहीत नोंद ठेवतो म्हणून त्याचं नाव प्रोफेसर.

टिकलीने मावशीचा एप्रन आणि हातमोजे पिशवीत कोंबले. "उद्या हे परत करायला आम्ही जाणार. जाणार म्हणजे जाणार!"

"आत पाऊल टाकायचं नाही!" मावशी ओरडली.

"बाहेरून काच आहे की! काचेतून बघायला कुणाच्या बापाची परवानगी लागते?"

दुसऱ्या दिवशी अकरापासून तिघं काचेला नाक लावून बसली. सहाव्या ओळीच्या तोंडाशी एक लोखंडी स्टूल, स्टुलावर भुंग्यांचं खोकं. ती ओळ मावशीची. भुंगे यायचे, भोकातून सरळ आत जायचे. झाडं बांधणाऱ्या बाया शेजारून खुशाल ये-जा करत होत्या.

"काही नाही होत," बोका कंटाळला. "मला भूक लागली."

"गप रे! तुला झोपेतही भूक लागते!"

बाराला मॅनेजरने शिट्टी मारली. माल वाहणारे गाडीवाले काका आले, त्यांनी खोकं उचललं आणि ऊन लागू नये म्हणून टोकाच्या सावलीत, दाराजवळ नेऊन ठेवलं. बायांना "चला, कामाला लागा!" म्हणत मॅनेजर चहाला निघून गेला.

"अगं बघ!" प्रोफेसर काचेवर जवळजवळ आदळला.

फुलांवरून परतणारे भुंगे रिकाम्या स्टुलाशी येत होते. घर नाही! पाच, दहा, वीस... घूं घूं करत घिरट्या घालत होते, स्टुलाला धडका देत होते. एक बाई हात झटकत पळाली.

"आपण शाळेतून आलो आणि घरच गायब असेल तर आपणही चावू!" बोका म्हणाला.

"आई बरोबर बारा ते एक तिथेच असते," प्रोफेसर वहीत लिहीत म्हणाला.

तिघं दाराकडे धावली. हलवलेलं खोकं दाराच्या फटीतून हाताला येत होतं. त्याच्या झाकणावर मॅनेजरने कामाच्या पाळ्यांचा कागद चिकटवला होता.

"श्वास रोखून धर," प्रोफेसर कुजबुजला. "तोंडाची वाफ त्यांना खपत नाही."

टिकलीने हलकेच कागदाचं टोक सोडवलं. खाली ठळक छापलं होतं: खोकं हलवण्याआधी दोन तास भोकावरची खिडकी 'फक्त आत'वर सरकवा. सगळे भुंगे परतल्यावरच हलवा.

खोक्याची खिडकी तर सताड उघडी होती!

"काय चाललंय?" मागून आवाज आला. मॅनेजर! आणि त्याच्या बरोबर मालकीणबाई, शनिवारच्या फेरीला आलेल्या. "ही त्या बाईची पोरं. चोरून घुसतायत!"

"घुसलो नाही, एप्रन द्यायला आलो!" टिकलीचे कान लाल झाले, पण ती हलली नाही. "बाई, मॅनेजरकाका म्हणतात, मावशीच्या साबणामुळे भुंगे चावतात. मग बिनसाबणाच्या माणसाला भीती नसणार ना? काका, त्या स्टुलाजवळ फक्त दोन मिनिटं उभे राहा. आत्ता!"

"मी? हॅ! मी कशाला?"

"का हो? साबण लावलाय?" बोका म्हणाला.

"अरे, आत्ता तिथे कोण उभं राहील? आत्ताच तर खोकं हलवलंय!"

बोलून गेला आणि मॅनेजरचं तोंड उघडंच राहिलं.

मालकीणबाईंनी झाकण वाचलं. मग प्रोफेसरची वही वाचली. "दोन तास खिडकी का नाही सरकवली?"

"दोन तास भुंगे बसून राहिले तर फळ कसं धरणार? आणि एकदा चावला की संपतो ना तो..."

"ती मधमाशी!" प्रोफेसर उसळला. "भुंग्याची नांगी तुटत नाही. तो पुन्हा पुन्हा डंख मारू शकतो. आणि तुम्हाला माहीत होतं, म्हणूनच तुम्ही बाराला चहाला पळता!"

संध्याकाळी मालकीणबाई स्वतः घरी आल्या. मागे मान खाली घातलेला मॅनेजर. मावशीचं काम कायम राहिलं, पण पॅकिंगच्या खोलीत. तिथे भुंगा फिरकतही नाही.

"काम मिळालं, बरं झालं," मावशी म्हणाली. "पण चावरी बाई म्हणून सगळ्या बायांसमोर नाव घेतलं होतं माझं. ते कोण पुसणार?"

सोमवारी पाळी सुरू होताना सगळ्या बाया पॅकिंगच्या खोलीत जमल्या. मॅनेजर उभा राहिला. "चूक... यांची नव्हती. माझी होती," तो पुटपुटला.

"या तिघांनी डोळे उघडे ठेवले, म्हणून कुणाचा जीव गेला नाही," मालकीणबाई म्हणाल्या. बायांनी टाळ्या वाजवल्या. बोका लाजून टिकलीच्या मागे लपला.

मावशीने सुजलेला हात वर केला. टाळ्या थांबल्या.

"मागच्या बायांना ऐकू आलं नाही, साहेब," ती म्हणाली. "पुन्हा म्हणा. जोरात!"