चौदा फासळ्या

१९६४ साली मी वरवट बकालच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. जानेवारीत बुलढाण्याला शाळांचं प्रदर्शन होतं. त्यासाठी मुख्याध्यापक भगवंतरावांनी मुंबईहून लाकडी विमानाचा संच मागवला. शेगाव स्टेशनवरून ते पार्सल मीच एस.टी.ने आणलं. खोक्यात हलक्या पांढऱ्या लाकडाच्या पट्ट्या होत्या, गोंदाची नळी होती आणि इंग्रजी सूचनांचा भलामोठा नकाशा.

आधी डावा पंख घेतला. शाळेमागच्या सामानाच्या खोलीत फळीवर नकाशा पसरला, त्यावर मेणकागद, आणि त्यावर लांब पट्टी टाचण्यांनी बसवली. तिच्यावर पंखाला आकार देणाऱ्या चौदा फासळ्या एकेक करून उभ्या चिकटवायच्या होत्या. पहिल्या दिवशी तीन लावल्या. माझा हात जड, सांध्यांवर गोंदाचे गोळे झाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत कुलूप काढलं, तर फासळ्या चार होत्या. चौथीचा सांधा केसाइतका बारीक होता.

खोलीच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, दुसरी सुतारकाम शिकवणाऱ्या दयारामकडे. त्याची हत्यारं तिथेच असत. गावात माझा मित्र म्हणावा असा तो एकटाच. दोन वेळचं जेवणही मी त्याच्याच घरी करत होतो.

"चौथी तू लावलीस का रे?"

"नाही सर. मी हात नाही लावला त्याले." तो हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

मग रोज एक फासळी वाढू लागली. मी स्वतः काही लावणं सोडून दिलं, तरी वाढत राहिली. जेवताना मी दयारामच्या नखांत गोंद दिसतो का ते पाहायचो.

"जेवून काऊन नाही राह्यले, गुरुजी?" त्याची बायको शालूबाई विचारायची. मला मान वर करवायची नाही.

नववी फासळी थोडी तिरपी लावायची, अशी नकाशाच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी सूचना होती. एका दुपारी ती बरोबर तेवढीच तिरपी उभी दिसली. मी सरळ भगवंतरावांकडे गेलो आणि पंखाला चोरून हात लावणारा म्हणून सगळ्या शिक्षकांसमोर दयारामचं नाव घेतलं.

तो जागेवरून उठला. "सर, मले इंग्रजी वाचता येते काय? तिरपी लावाची, हे मले कोनं सांगतलं?"

तरी मी म्हणालो, "किल्ली तुझ्याकडेच असते."

त्याने किल्ली टेबलावर ठेवली. त्याच दिवशी हत्यारं पोत्यात भरली, आणि आठवड्याभरात शालूबाईला घेऊन शेगावला मेहुण्याकडे निघून गेला.

मी नवं कुलूप आणलं. दोन्ही किल्ल्या माझ्याच खिशात. खिडकीला आतून फळ्या ठोकल्या. तीन दिवस काही झालं नाही. माझंच खरं ठरलं म्हणून मला बरंही वाटलं.

चौथ्या दिवशी दहावी लागलेली होती. गोंद बोटाला चिकटला.

अकरावी लागली. बारावी लागली.

रविवारी सकाळपासून मी दार आतून लावून पंखासमोर स्टुलावर बसलो. बाहेरून कापसाच्या गाड्या जात होत्या. आत काहीच हललं नाही. दोनच्या सुमाराला एक टाचणी खाली पडली. ती उचलायला वाकलो आणि मान वर केली.

फासळ्या तेरा होत्या.

सोमवारी शेगावला जाऊन दयारामची माफी मागितली. त्याने सगळं ऐकून घेतलं. परत ये म्हटल्यावर नकारार्थी मान हलवली. मी दारापर्यंत आलो तेव्हा त्याने हळूच विचारलं, "मंग कोन करून राह्यलं हे, सर?"

परतल्यावर मी टाचण्या उपसल्या. पंख आणि सुटी उरलेली चौदावी फासळी लाकडी पेटीत घातली, झाकणाला खिळे ठोकले आणि पेटी त्याच खोलीत ठेवली. पंख मोडला, असं भगवंतरावांना सांगितलं.

मंगळवारी चौथ्या तासाला मी त्या खोलीला लागूनच्याच वर्गात होतो. मुलं खाली माना घालून उत्तरं लिहीत होती. भिंतीपलीकडून आवाज आला. लाकडावर काचकागद फिरत होता. सावकाश. बेताने.

कुलूप काढलं. खिळे सगळे जागेवर होते.

आवाज पेटीतून येत होता.

मी झाकणावर तळहात ठेवला. घासणं थांबलं.

मग आत कुणीतरी भुसा फुंकला. फटीतून पांढरी भुकटी माझ्या मनगटावर येऊन पडली. कोमट होती.