हुंगणीने दाखवलेला उतार

शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात शिरायला आता ओळखपत्र लागत नसे. फाटकातल्या कमानीखाली माणूस दोन क्षण उभा राहिला, की कमान त्याच्या अंगावरची हवा ओढून घेई आणि तो कोण ते सांगे. तिचं सरकारी नाव लांबलचक होतं. कामगार तिला ‘हुंगणी’ म्हणत.

प्रत्येकाच्या कातडीतून शेकडो सूक्ष्म द्रव्यं सतत उडत असतात. त्यांचं मिश्रण बोटांच्या ठशांसारखं ज्याचं त्याचं वेगळं. त्याला गंधपट म्हणत. अत्तर, घाम, लसूण असले वरवरचे वास हुंगणी बाजूला काढी. उरलेला पट नोंदीतल्या पटाशी शंभरात ऐंशी जुळला, तर दार उघडे. ऐंशीच्या खाली आला, तर कायद्याने सुरक्षा अधिकाऱ्याला अधिकार दिला होता. त्याने त्या माणसाला थांबवायचं आणि ओळख विचारायची; ती पटली, की पुढचे आठ दिवस न अडवता आत सोडायचं. महिन्यात तीनदा तसं झालं, तर पोलीस येईपर्यंत, फार तर चार तास, अडकवून ठेवायचं. का थांबवलं हे सांगण्याचं बंधन अधिकाऱ्यावर नव्हतं. आकडा सांगणं हा तर गुन्हाच होता, कारण तो कळला तर तोतयांना आपली नक्कल सुधारता आली असती.

त्या फाटकावर जयवंत तोडकर होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना सलाम ठोकण्यात घालवली होती. हा कायदा आला आणि पहिल्यांदाच कुणाला तरी थांबवण्याचा हक्क त्यांच्या हाती आला. तो त्यांना आवडला होता, हे त्यांनी कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नाही.

एका सोमवारी शेवंता लोखंडे कमानीखाली उभी राहिली आणि लाल दिवा लागला. शेवंता प्रयोगशाळेतल्या काचेच्या बाटल्या धुण्याचं काम करी. अकरा वर्षं ती याच फाटकातून येत होती. पडद्यावर शहात्तर आकडा होता.

“ओळख सांगा,” तोडकर म्हणाले.

शेवंताला हसू आलं. “अहो भाऊ, मी शेवंता! परवा तर माझ्या डब्यातलं पिठलं खाल्लंत की.”

रांगेतले लोकही हसले. त्यात नव्याने लागलेले दोन इंजिनिअर होते. तोडकरांना वाटलं, हे आपल्यालाच हसताहेत.

“बाई, पूर्ण नाव, वय, पत्ता. मोठ्याने.”

तिने सांगितलं. पत्ता सांगेपर्यंत तिचा आवाज पार खाली आला होता.

आठ दिवसांनी आकडा एकोणसत्तरवर आला. या वेळी तोडकरांनी विचारण्याआधीच तिने मान खाली घालून नाव सांगितलं. मागची माणसं दोन पावलं सरकून उभी राहिली. तिसऱ्यांदा एकसष्ट आला, तेव्हा तोडकरांनी तिला फाटकाजवळच्या बाकावर बसवलं. आतल्या खोलीत पंखा होता, खुर्ची होती. पण बाक सर्वांच्या नजरेसमोर होता आणि नियमात बाक लिहिला होता. तीन तासांनी पोलीस आला. त्याने बोटांचे ठसे घेतले आणि म्हणाला, “हीच ती. सोडा.” शेवंता उठली ती आत न जाता घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आली नाही.

महिन्याभराने डॉ. रेहाना मुजावर वार्षिक तपासणीला आल्या. हुंगणी त्यांनीच बनवली होती. जुन्या नोंदी चाळताना त्या एका रेषेपाशी थांबल्या.

“ही बाई कोण?”

“तोतया असेल म्हणून धरली होती, मॅडम. तीच निघाली.”

“तोतया असता तर आकडा एकदम कोसळला असता. हा उतार बघा. पाच महिने हळूहळू खाली येतोय. बाई तीच आहे, तोडकर. तिचं शरीर बदलतंय.”

“म्हणजे कसं?”

“यकृत थकलं, की जी द्रव्यं त्याने मोडायची ती रक्तात साठतात आणि कातडीवाटे बाहेर पडतात. आपल्या नाकाला काहीच कळत नाही, पण हुंगणीला कळतं. प्रशिक्षणात मी हे सांगितलं होतं.”

सांगितलं होतं. तोडकरांना वहीत लिहून घेतलेली ओळसुद्धा आठवली. इतकंच नव्हे, तिसऱ्या वेळी पडद्यावरचा तो उतार त्यांनी पाहिला होता. क्षणभर काळजात चर्र झालं होतं आणि त्यांनी नजर वळवली होती.

“आकडा सांगायला मनाई आहे, मॅडम.”

“तब्येत विचारायला कुठे मनाई आहे?”

 तोडकरांनी टोपी काढली आणि उगीचच ती पुसत राहिले.

त्याच संध्याकाळी दोघं शेवंताच्या घरी गेले. ती ओट्यावर बसली होती, डोळे पिवळे पडलेले. डॉ. मुजावरांनी तिला आपल्या गाडीतून इस्पितळात नेलं.  परतताना त्या म्हणाल्या, “राज्यात अशा नऊशे कमानी आहेत. आज दुपारी मी त्यांच्या नोंदी मागवल्या. असे उतार चार हजारांवर निघाले. प्रत्येकाला ओळख विचारलेली आहे. रीतसर, कायद्याप्रमाणे.”

आठवड्याने तोडकर एकटेच वॉर्डात गेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की दीड महिना आधी आली असती तर गोळ्यांवर भागलं असतं. आता नवं यकृत मिळालं तरच. तोडकरांनी खाटेशेजारी उभं राहून सगळं कबूल केलं. आकडा, उतार, आपण तो पाहिला होता हेही. तिने आरडाओरडा करावा, शिव्या घालाव्यात, म्हणजे बरं वाटेल, असं त्यांना वाटत होतं.

शेवंताने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग आजूबाजूच्या खाटांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज बारीक करून तिने विचारलं, “म्हणजे भाऊ, माझ्या अंगाला घाण वास येत नव्हता ना?”

“नाही हो. कुणालाच येत नव्हता.”

“हुंगणी मलाच अडवायची. लोक लांब सरकायचे. मला वाटलं, वासच येतोय म्हणून. दिवसातून तीन-तीनदा अंघोळ करायची मी. दगडाने अंग घासायची. नातीलासुद्धा जवळ घेतली नाही.” तिने वर सरकलेली बाही खाली ओढली, पण खरचटल्याचे काळे डाग तोवर तोडकरांना दिसले होते. “एवढं तरी सांगायचं होतंत.”

तिच्या आवाजात राग नव्हता. बऱ्याच दिवसांनी हायसं वाटल्यासारखी ती उशीला टेकली. तोडकर तिच्याकडे बघू शकले नाहीत.