राखेत नसलेली चूल

एदुविनानं पिशवी टेबलावर आपटली तशी त्यातून करडी धूळ उडाली आणि बेलिसारिओच्या चहात पडली.

"पीठ आहे का?" त्यानं कपात डोकावत विचारलं.

"घर आहे," ती म्हणाली. "माझ्या आईचं. मेल्याउ बेटावरचं. एवढंच उरलंय."

बेलिसारिओनं कप हळूच बाजूला सारला.

टेबलापलीकडे डोन्या इदालिना ओयार्सो बसली होती. कास्त्रो शहराच्या कोर्टाची समन्सं बजावण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. घटस्फोटाच्या वेळी माणसं कोर्टापासून काय काय लपवतात ते शोधून काढणं, हा आता तिचा धंदा. बेलिसारिओ पूर्वी फेरीबोटीवर होता. आता तो तिची लाँच चालवायचा आणि तिला न पटणारे तर्क लढवायचा.

"बस, पोरी. पहिल्यापासून सांग."

"नवरा नालायक निघाला, हेच पहिलं." एदुविना बसली नाही. "न्यायाधीशबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. आईकडून आलेलं घर माझं, त्यात हेराल्दोचा वाटा नाही. लेमुय बेटावरची त्याच्या बापाची जमीन त्याची, त्यात माझा नाही. लग्नानंतर दोघांनी मिळून उभी केलेली शिंपल्यांची शेती तेवढी अर्धी अर्धी. मला कबूल होतं. खटल्यासाठी मी इथं कास्त्रोत भाड्यानं राहिले आणि हिवाळ्यात तिकडे घर जळालं."

"तो काय म्हणतो?"

"म्हणतो, 'बिचारी! डोक्यावर छप्पर नाही. शेतीतला तुझा हिस्सा मला लिहून दे, मी तुला गावात जन्मभराची खोली देतो.' शुक्रवारी सही करायची. नाही केली तर खटला लांबणार, आणि तोवर मी राहू कुठं? बिचारी म्हणतो मला! पाण्यात उभी राहून थंडीनं हात फुटेपर्यंत शिंपले कुणी सोडवले?"

तिनं हात पुढे केले. इदालिनानं ते पाहिले.

"घर कसं होतं?"

एदुविना पहिल्यांदाच खुर्चीवर टेकली. "भिंतींना बाहेरून आलेर्से लाकडाच्या फळ्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक. सैपाकघरात लोखंडी चूल, मी तिच्याभोवतीच वाढले. लहानपणी एकदा निखाऱ्यांची तापलेली इस्त्री मी जमिनीवर ठेवून खेळायला गेले. फळीवर इस्त्रीच्या आकाराचा काळा डाग पडला. आईनं बदडलं. डाग काही गेला नाही." तिनं पिशवीकडे पाहिलं. "आता गेला."

इदालिना आणि बेलिसारिओ लाँचनं मेल्याउला गेले. त्या बेटावर म्हाताऱ्या सोफानोरशिवाय कुणी राहत नव्हतं. तो मेंढ्या राखायचा आणि त्याला कमी ऐकू यायचं.

"सोफानोर, आग कशी लागली?" इदालिनानं ओरडून विचारलं.

"मला काय ठाऊक? हिवाळाभर मी कास्त्रोत लेकीकडे होतो. हेराल्दोनंच बोटीचं तिकीट काढून दिलं. 'म्हातारबा, थंडीत कशाला मरता,' म्हणाला. देवमाणूस! परत येऊन बघतो तर राख."

घर ज्या ठेंगण्या खुंटांवर उभं होतं ते अजून जागेवर होते. मधले खुंट जळून कोळसा झाले होते. कडेच्या खुंटांवर मात्र हिरवं शेवाळ जसंच्या तसं होतं. इदालिनानं त्यावरून बोट फिरवलं, मग काठीनं राख उकरली.

"चूल कुठाय, बेलिसारिओ?"

"भंगारवाल्यांनी नेली असेल, बाई."

"आणि खिडक्यांच्या काचा? वितळून गोळे व्हायला हवेत. तेही भंगारवाल्यांनी नेले?"

वाद घालायला दुसरं काहीतरी मिळावं म्हणून बेलिसारिओ किनाऱ्याच्या बाजूला गेला. कुंपणाचे बाकीचे खांब जुने, वाकडे, दगडफुलांनी माखलेले. एका रुंद टप्प्यात मात्र सगळे नवेकोरे. त्याखाली वाळूत एक भलामोठा खड्डा होता. आत काळे पडलेले दगड, कडेला शिंपल्यांचा ढीग आणि कुजलेली नाल्काची रुंद पानं.

"बाई, इकडे या! कुणीतरी कुरान्तो घातलाय!" दगड तापवून त्यावर शिंपले, मांस, बटाटे वाफवायचे आणि वर पानं झाकायची, हे जेवण त्याच्या विशेष आवडीचं. "केवढा हा खड्डा! काकाचं अख्खं लाकडी घर बैल जुंपून खाडीपलीकडे ओढून नेलं तेव्हा असा घातला होता. अख्खं गाव जेवलं होतं."

इदालिना खड्ड्याकडे बघत राहिली. "रिकाम्या बेटावर एवढी माणसं कुणाची जेवली?"

"सहलीला आली असतील पोरं."

"हिवाळ्यात?" ती लाँचकडे चालू लागली. तिचा जबडा आवळलेला होता. बेलिसारिओला ती खूण माहीत होती. अशा वेळी तो प्रश्न विचारत नसे.

शेजारच्या बेटावर एदुविनाचा मावसभाऊ रुदेसिंदो होड्या दुरुस्त करायचा. घर आपल्याला मिळेल अशी आस तो वर्षानुवर्षं लावून बसला होता.

"जळालं ना? बरं झालं!" हातोडी न थांबवता तो म्हणाला. "मावशीनं मला त्यातली एक फळीसुद्धा दिली नाही."

"म्हणून तुम्ही जाळलंत?"

हातोडी थांबली. "डोन्या, मी हावरट असेन, मूर्ख नाही. आलेर्से आता तोडू देत नाहीत. मला ते घर मिळालं असतं तर फळी फळी सोडवून विकलं असतं. ते लाकूड जाळणारा एकतर वेडा, नाहीतर..."

"नाहीतर त्यानं ते जाळलंच नाही," इदालिना पुटपुटली.

हेराल्दो लेमुयला वडिलांच्या जमिनीवर भेटला. तिथं त्यानं पाहुण्यांना भाड्यानं द्यायला घर उभं केलं होतं. बाहेरून चकचकीत पत्रे, आतून ताजा पांढरा रंग, सैपाकघरात नवी गॅसची शेगडी. त्यानं दोघांना तिथंच बसवलं.

"नवंकोरं आहे," तो अभिमानानं म्हणाला. "बापाची जमीन, माझं घर. इथं एदुविनाचा काही संबंध नाही."

"मेल्याउला शेवटचे कधी गेलात?"

"हिवाळ्याच्या आधीपासून पाऊल ठेवलं नाही. हिवाळ्यात तिकडे कुणी जात नाही." मग तो हसला. "तुमच्या बाईला सांगा, कोर्टाकडे राखेची वाटणी माग. अर्धी तिला, अर्धी मला!"

बेलिसारिओला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. त्यानं रागानं खोल श्वास घेतला आणि एकाएकी त्याला आजीची आठवण आली. चुलीवर धुरात टांगलेलं मांस, ओली लोकर, आजीचा खोकला. बाहेर पडल्यावर त्यानं इदालिनाला ते सांगितलं.

"वय झालं माझं, बाई. कुठंही आजी आठवते."

"कुठंही नाही, बेलिसारिओ," ती म्हणाली. "आता आपल्याला हेराल्दोच्या तराफेवाल्या भावाकडे जायचंय. त्याच्या कामगारांना मला एकच गोष्ट विचारायचीय."

गुरुवारी त्याच सैपाकघरात गर्दी झाली. हेराल्दो होता, रुदेसिंदो होता. हेराल्दोच्या भावाचे कामगार दारात टोप्या हातात घेऊन उभे होते. एदुविना सगळ्यात शेवटी आली आणि उंबऱ्यातच थबकली. तिच्या नाकपुड्या फुलल्या.

"हे काय चाललंय?" हेराल्दो ओरडला.

"बसा," इदालिना म्हणाली. "चूल जळत नाही, हेराल्दो. आग लागो नाहीतर वीज पडो, लोखंड राखेत सापडतंच. तिथं चूल नव्हती, काचा नव्हत्या. आपल्याकडे चूल आणि खिडक्या आधी कधी काढतात?"

बेलिसारिओ कपाळावर हात मारून म्हणाला, "घर ओढायचं असतं तेव्हा! हलकं व्हावं म्हणून!"

"उशिरा का होईना. घर जळलं असतं तर भिंतींखालचे खुंट आधी जळले असते. जळले मधले, कारण रिकाम्या जागेत मधोमध जुनं लाकूड रचून पेटवलं होतं. कुंपण घराच्या रुंदीएवढंच नवं आहे. तिथून घर किनाऱ्यावर नेलं आणि भावाच्या तराफ्यावर चढवलं. सोफानोरला आधीच लेकीकडे धाडलं होतं. सगळं चोख केलंत. चुकलात एकाच ठिकाणी."

"कुठं?" हेराल्दोच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही ओढणाऱ्यांना जेवू घातलंत." इदालिनाचा आवाज चढला. "बायकोचं घर चोरताना लाज वाटली नाही. पण ओढणाऱ्यांना उपाशी धाडायची तुमची छाती झाली नाही! कारण तसं केलं तर या बेटांवर पुन्हा कुणी दोराला हात लावत नाही. रिकाम्या बेटावर एवढा कुरान्तो कशासाठी? मी या माणसांकडे गेले आणि एवढंच विचारलं, मेल्याउवरचं जेवण कसं होतं?"

कामगारांचा मुकादम एलादिओ एदुविनाकडे न बघता बोलला. "उत्तम होतं, डोन्या. त्यानं सांगितलं, बायकोला न कळवता घर नव्या जागी नेतोय, ती खूश होईल. आम्ही तुमच्या नावानं प्यालो, एदुविनाबाई."

एदुविना तरातरा आत शिरली. सैपाकघराच्या कोपऱ्यात, जिथं पाय पुसायला कुणी जाणार नाही, तिथं मेंढीचं कातडं अंथरलेलं होतं. तिनं ते लाथेनं उडवलं.

खाली जुन्या फळीवर इस्त्रीच्या आकाराचा काळा डाग होता.

"रंगानं भिंती झाकल्या," इदालिना म्हणाली, "पण तीन पिढ्यांचा धूर झाकता आला नाही. बेलिसारिओच्या नाकाला तो कळला, डोक्याला नाही कळला."

हेराल्दोनं हनुवटी वर केली. "बरं, आणलं. आता ते माझ्या बापाच्या जमिनीवर उभं आहे. जमिनीवरचं ते जमिनीच्या मालकाचं. विचारा कोर्टाला!"

"विचारलं. दुसऱ्याची गाय रातोरात आपल्या गोठ्यात बांधली म्हणून ती आपली होत नाही. न्यायाधीशबाईंना आता तुमच्या शिंपल्यांच्या शेतीचेही सगळे हिशोब नव्यानं बघायचेत."

एदुविना नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "मला बेघर करून माझा हिस्सा काढून घेणार होतास. माझ्याच घरात बसून! सही? कुत्रा करील तुझ्या कागदावर."

"तुझं घर, तर ने मग," तो खेकसला. "बघू कोण ओढतं!"

दारातला एलादिओ टोपी डोक्यावर ठेवत म्हणाला, "आम्ही."

कोर्टाचा हुकूम आला त्याच आठवड्यात बैल लेमुयला उतरले. पत्रे उचकटल्यावर खालच्या आलेर्सेच्या फळ्या पुन्हा उन्हात आल्या. खिडक्या काढल्या. वखारीत ताडपत्रीखाली दडवलेली चूल सापडली, ती लाँचवर चढवताना बेलिसारिओची कंबर धरली. रुदेसिंदोसुद्धा दोराला लागला, कुरकुरत.

मेल्याउच्या किनाऱ्यावर एदुविनानं तोच खड्डा उकरून दगड तापवले होते. घर वाळूवर आलं तेव्हा हेराल्दो तिथं उभा होता. ओढताना घर मोडलं तर बघायला मिळेल, म्हणून तो आला असावा. वाफेचा वास सगळीकडे पसरला होता. त्याची नजर पुन्हा पुन्हा पानांकडे जात होती.

एदुविना चालत त्याच्याकडे गेली आणि दोराचं टोक त्याच्यापुढे धरलं.

"ओढलंस तर जेवशील."

बैलांशेजारी माणसं थांबली. हेराल्दोनं हात खिशातून काढले नाहीत.

"चला रे!" एदुविना ओरडली, आणि तो दोर तिनं स्वतःच्या खांद्यावर घेतला.

संध्याकाळी पानं उचलली तेव्हा सोफानोरच्या कुत्र्यांपर्यंत सगळे पोटभर जेवले. हेराल्दो तेवढा परतीच्या बोटीची वाट बघत, वाफेच्या वासाकडे पाठ करून बसला होता.